रविवारची गोळी आणि फ्लूची लस

मागच्या वेळी पावसाळी आजारांवर लिहिताना शेवटी 'फ्लूची लस टोचून घ्या' असं एक वाक्य सहज टाकलं होतं. त्यावर आमवात, ल्युपस, स्पाँडिलायटिस असलेल्या वाचकांची पत्रं आली. आमच्यासारख्यांनी काय करायचं, हा सगळ्यांचा सूर. सहज टाकलेलं वाक्य त्यांच्यासाठी तितकं सहज नव्हतं. म्हणून या वेळची प्रश्नोत्तरे त्यांच्यासाठी.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टर म्हणतात, तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उठली आहे, ती दाबायला दर रविवारी मेथोट्रेक्सेट घ्या. आणि तेच डॉक्टर म्हणतात, फ्लूची लस घ्या. लस म्हणजे प्रतिकारशक्तीला डिवचणंच ना? मग तिला दाबायचं की डिवचायचं? आणि गोळीनं ती दबलेलीच असेल, तर लसीचा उपयोग तरी काय?
(एक वाचक, सांगली)

तुमच्या एका पत्रात दोन शंका आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पहिली म्हणते, लस फार लागेल. दुसरी म्हणते, लागणारच नाही. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्हींतून 'लस नको' असं उत्तर निघत नाही.

आधी पहिली शंका. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द एकवचनी असल्यामुळे ती एकच गोष्ट आहे, वाढली की सगळीकडे वाढते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींचे असंख्य वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येक गटाला एकच आकार ओळखता येतो. फ्लूची लस टोचली की फ्लूच्या विषाणूचा आकार ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात, दुणावत जातात आणि प्रतिपिंडं तयार करतात. तुमच्या सांध्यांच्या मागे लागलेल्या पेशी वेगळ्या. लसीच्या गडबडीत त्यांनाही थोडी हूल मिळू शकते. एखाद-दोन दिवस कणकण येते, अंग दुखतं, बोटं सकाळी जास्त आखडतात. पण मूळ आजार खरंच उचल खातो का, हे कोविडच्या काळात मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं लसीकरण झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतल्या संधिवाताच्या रुग्णांपैकी ४.४ टक्के लोकांचा आजार लसीनंतर उसळला आणि तीव्रपणे उसळला तो फक्त ०.६ टक्के लोकांचा. आमवात तसाही कधी चढतो, कधी उतरतो. त्यामुळे या ४.४ टक्क्यांतलेही काही जण लस घेतली नसती तरी त्याच आठवड्यात दुखण्यानं बेजार झाले असते.

आता दुसरं पारडं बघू. लस न घेता खरा फ्लू झाला, तर तो तुमच्या प्रतिकारशक्तीला लसीपेक्षा कितीतरी जास्त डिवचेल. शिवाय ताप आणि संसर्ग असेपर्यंत डॉक्टर बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक इंजेक्शन थांबवायला सांगतात. म्हणजे फ्लूही अंगावर आणि सांध्यांचं औषधही बंद. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्या दिवसांतल्या मास्कच्या रांगा अनेकांना आठवत असतील. तो एच-वन-एन-वन विषाणू नंतर कुठे गेला नाही, दर वर्षीच्या फ्लूमध्ये मिसळून गेला. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, त्यामुळे लस घ्यायचा चांगला काळ म्हणजे एप्रिल-मे. टोचल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात.

तुमची दुसरी शंका होती, दबलेल्या प्रतिकारशक्तीवर लस लागते का? लागते, पण किती ते औषधावर ठरतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिन घेणाऱ्यांनी चिंता करायचं कारण नाही. त्या गोळ्यांनी नेहमीच्या लसींत फारसा फरक पडत नाही. अ‍ॅडालिमुमॅब, इटानरसेप्टसारख्या बायोलॉजिक इंजेक्शनांनी असर थोडा उतरतो. मेथोट्रेक्सेटनं बऱ्यापैकी उतरतो. रितुक्सिमॅबनं मात्र जवळजवळ पुसला जातो. अर्धी लागलेली लससुद्धा न घेतलेल्या लसीपेक्षा बरी. आणि मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत ती जास्त चांगली लागावी यासाठी एक सोपा उपाय आहे. तो पुढच्या उत्तरात.

प्रश्न : लस घेताना मेथोट्रेक्सेट बंद करावं, असं कोविडच्या वेळी कुणी सांगितलं, कुणी नको म्हटलं. नक्की काय करायचं? आधी बंद करायचं की नंतर?
(एक वाचक, ठाणे)

नंतर. आणि किती दिवस, याचं उत्तर रविवारांत मोजता येईल : दोन रविवार.

दक्षिण कोरियात आमवाताच्या रुग्णांना फ्लूची लस दिली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटानं मेथोट्रेक्सेट चालू ठेवलं, दुसऱ्यानं लस घेतल्यावर दोन आठवडे थांबवलं. थांबवणाऱ्यांत ७५.५ टक्के लोकांना लस समाधानकारक लागली, चालू ठेवणाऱ्यांत ५४.५ टक्के लोकांना. कारण सरळ आहे. लस टोचली त्या दिवसापासून पुढचे काही दिवस प्रतिकारपेशी दुणावत असतात आणि मेथोट्रेक्सेटचं काम नेमकं पेशींचं दुणावणं रोखायचं. त्या पेशींना वाट मोकळी हवी ती टोचल्यानंतर.

पण या दोन रविवारांची किंमत पडू शकते. केरळमध्ये कोव्हिशील्डवर झालेल्या चाचण्यांत, दोन्ही डोसांनंतर गोळी थांबवणाऱ्यांची प्रतिपिंडं वाढली, तशी सांधे उसळलेल्यांची संख्याही वाढली. म्हणून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत मधला रस्ता काढला. फ्लूच्या लसीनंतर, आजार आटोक्यात असेल तरच, दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं. न्यूमोनिया, हिपॅटायटिस-बी, नागीण अशा बाकीच्या निर्जीव, म्हणजे जिवंत जंतू नसलेल्या, लसींसाठी थांबवू नये. बोटं आत्ताच सुजलेली असतील, तर फ्लूच्या लसीसाठीही गोळी चालूच ठेवायची आणि लस घ्यायची.

यात दोन चुका होताना दिसतात. काही जण मेथोट्रेक्सेटबरोबर प्रेडनिसोलोनही स्वतःहून बंद करतात. प्रेडनिसोलोन अनेक महिने घेतलेलं असेल, तर ते अचानक तोडणं धोक्याचं असतं. दुसरी चूक म्हणजे बुडालेल्या दोन रविवारांची भरपाई. तिसऱ्या रविवारी तीन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. नेहमीची मात्रा घ्यायची आणि पुढे चालू लागायचं.

प्रश्न : माझ्या यजमानांना आमवातासाठी टोफासिटिनिबच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षी त्यांना कमरेला नागीण झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. आता नागिणीची लस निघाली आहे म्हणतात. ती संधिवाताच्या माणसाला चालते का?
(एक वाचक, नाशिक)

चालते, आणि त्यांना ती इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे.

आधी तोंड-शेपटीचं. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत तो वर्षानुवर्षं पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या गाठीतून उठतो आणि त्या एका चेतातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. प्रत्येक चेतातंतूचा कातडीवर स्वतःचा पट्टा असतो. तो अंगाच्या एकाच बाजूला असतो आणि मध्यरेषेपाशी संपतो. त्यामुळे नागीण अर्धा वेढा घालते आणि तिथेच थांबते. तोंड-शेपूट सहसा जुळतच नाही. पण आजींच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात फोड एका पट्ट्यात न राहता अंगभर उठू शकतात आणि ते खरोखर गंभीर असतं. म्हणून पुन्हा कधी फोड दिसले, तर लेप लावत किंवा नागीण उतरवून घेत दिवस घालवू नका. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात.

टोफासिटिनिब ज्या कुळातलं आहे, त्या कुळातल्या गोळ्यांनी नागिणीची शक्यता वाढते, हे आता पक्कं ठाऊक आहे. नागिणीची आधीची लस जिवंत विषाणूची होती, म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांना ती द्यायची भीती वाटायची. २०२३ साली भारतात आलेली शिंग्रिक्स तशी नाही. तिच्यात विषाणू नाही, त्याचं फक्त एक प्रथिन आहे. निरोगी पन्नाशीपुढच्या लोकांत तिनं नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलेलं आहे. औषधांवर असलेल्यांत ते काहीसं कमी धरावं. डोस दोन, एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांतच देता येतो, आणि अशा माणसांना ती अठराव्या वर्षापासून घेता येते. दंड चांगलाच दुखतो, एखादा दिवस तापही येतो. लस महाग आहे, दोन डोसांचा खर्च खिशाला जाणवतो. नागीण होऊन गेली तरी पुन्हा होऊ शकते, तेव्हा 'एकदा झाली, आता सुटलो' असं समजू नका.

प्रश्न : मला ल्युपस आहे. दर सहा महिन्यांनी रितुक्सिमॅबचं सलाइन लागतं. त्यामुळे लसी लागत नाहीत म्हणतात. मग घ्यायच्याच नाहीत का?
(एक वाचक, कोल्हापूर)

घ्यायच्या, पण तारीख हुशारीनं निवडायची. रितुक्सिमॅब प्रतिपिंडं बनवणाऱ्या वंशाच्या बी-पेशीच काढून टाकतं. सलाइननंतर महिन्याभरात लस टोचली, तर तिचा निरोप घ्यायला घरात कुणी नसतं. पुढचे काही महिने असेच जातात, मग पेशी हळूहळू परततात. म्हणून लसीची योग्य वेळ म्हणजे पुढच्या सलाइनची तारीख जवळ आली असेल तेव्हा. लस घ्यायची आणि त्यानंतरचं सलाइन निदान दोन आठवडे पुढे ढकलायचं. अपवाद फ्लूचा. फ्लूची लाट तुमच्या सलाइनच्या तारखा बघून येत नाही, म्हणून ती लस हंगामात येईल तेव्हा घेऊन टाकायची.

न्यूमोनियाची लस तुम्ही घेतली आहे का? पत्रात उल्लेख नाही. वीस प्रकारच्या न्यूमोकॉकस जंतूंवरची असेल तर एकदाच. तेरा प्रकारांवरची घेतली, तर निदान आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांवरची दुसरी. आणि वय ४५च्या आत असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ल्युपसच्या स्त्रियांत गर्भाशयमुखावर या विषाणूमुळे होणारे बदल जास्त आढळतात. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर वय काहीही असो, तिचे डोस तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लस बाजारात आल्यापासून तिचा खर्चही थोडा आवाक्यात आला आहे.

प्रेडनिसोलोनचाही हिशेब आहे. दिवसाची मात्रा २० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर निर्जीव लस कधीही घ्या. २० किंवा त्याहून जास्त असेल, तर फ्लूची घ्या आणि बाकीच्या लसी मात्रा उतरेपर्यंत थांबवा.

ज्यांचं निदान नुकतंच झालं आहे, त्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं. लसी घ्यायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे जड औषध सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे. हिपॅटायटिस-बीची रक्ततपासणीही तेव्हाच उरकून घ्यावी. मात्र आजार अवयवांवर उठलेला असेल, तर लसीसाठी उपचार अडवून ठेवायचे नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला स्पाँडिलायटिस आहे. ती सात महिन्यांची गरोदर आहे आणि अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं चालू आहेत. बाळ जन्मल्यावर लगेच बीसीजी टोचतात. ती चालेल का?
(एक वाचक, रत्नागिरी)

हा प्रश्न तुम्ही बाळंतपणाच्या आधी विचारलात, हे फार बरं झालं.

इतका वेळ निर्जीव लसींबद्दल बोललो. त्यात जंतू मेलेला असतो किंवा त्याचा फक्त एक तुकडा असतो, त्यामुळे त्यापासून आजार होऊच शकत नाही. जिवंत लसीत जंतू अशक्त करून घातलेला असतो, पण तो जिवंत असतो. निरोगी शरीर त्याला सहज आवरतं. बीसीजी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पोलिओचे थेंब, रोटाव्हायरसचे थेंब, नाकात फवारायची फ्लूची लस, पीतज्वराची लस या साऱ्या जिवंत लसी.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि अ‍ॅडालिमुमॅब हेही मुळात एक प्रतिपिंडच. त्यामुळे तेही बाळात उतरतं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. अशा बाळाला बीसीजी दिली, तर तिचा जंतू अंगभर पसरण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये एका बाळाच्या आईला गरोदरपणी इन्फ्लिक्सिमॅब हे याच कुळातलं औषध दिलं होतं. बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी टोचली आणि ते दगावलं. २०१०मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली.

म्हणून बीसीजी बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांबवतात. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात ती वर्षभराच्या आत देता येते, तेव्हा थांबल्यानं ती हुकत नाही. पोलिओच्या आणि रोटाव्हायरसच्या थेंबांचं काय करायचं, ते बालरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. टोचायच्या बाकीच्या लसी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, इंजेक्शनचा पोलिओ, न्यूमोकॉकस, ठरल्या वेळी द्यायच्या. त्या अडवण्यात बाळाचंच नुकसान आहे.

प्रत्यक्षात अडचण येते ती प्रसूतिगृहात. तिथे बीसीजी जन्मानंतर लगेच, कुणी न विचारता दिली जाते. तेव्हा केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहून घ्या : 'आईला बायोलॉजिक चालू, बीसीजी देऊ नये'. रात्रपाळीच्या सिस्टरनाही तोंडी सांगा. सर्टोलिझुमॅब नावाचं त्याच कुळातलं एक औषध वारेतून जवळजवळ जात नाही. पुढच्या खेपेला त्याचा विचार करता येईल. आणि पुढे बाळाला रोटाव्हायरसचे थेंब दिलेच, तर त्यानंतर निदान चार आठवडे त्याची शी-शू आईऐवजी इतर कुणी काढलेली बरी. ते काम आजीकडे आलं, तर तुमची हरकत नसावी.

प्रश्न : डिसेंबरात केनियाला मसाई मारा बघायला जायचं आहे. एजंट म्हणतो, पीतज्वराची लस लागेल. मला मेथोट्रेक्सेट चालू आहे.
(एक वाचक, पुणे)

ही जिवंत लस आहे, तेव्हा गोळी चालू असताना एजंटच्या सांगण्यावरून टोचून घेऊ नका. ती घ्यायचीच ठरली, तर मेथोट्रेक्सेट लसीच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद ठेवावं लागतं. म्हणजे आठ रविवार, आणि तेवढ्यात सांधे काय म्हणतील ते मसाई मारातच कळायचं. दुसरा मार्ग म्हणजे लस घेता येत नाही असं वैद्यकीय सूटपत्र. केनियाहून परतताना आपल्या विमानतळावर पीतज्वराचा दाखला मागतात, म्हणून हे सूटपत्र सरकारमान्य पीतज्वर केंद्रातूनच, निघण्याच्या पुष्कळ आधी करून घ्या. ते चालेल का, याची खात्रीही आधीच करा. मात्र सूटपत्रानं डास थांबत नाहीत. कुठे फिरणार आहात, तिथे पीतज्वर कितपत आहे, हे बघून संधिवाताच्या डॉक्टरांशी बोला. आठ रविवार फार वाटत असतील, तर ताडोबाचा वाघ आहेच.

प्रश्न : मला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. परवा गल्लीतलं कुत्रं चावलं. गोळ्या चालू असताना रेबीजची लस घ्यावी का, हे विचारायला डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. तोवर थांबू का?
(एक वाचक, अकोला)

नाही. हे पत्र हाती पडलं त्याच दिवशी आम्ही तुम्हाला फोन केला. इतरांसाठी उत्तर इथे छापतो आहोत.

रेबीज एकदा दिसू लागला की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. लस निर्जीव आहे. त्यामुळे कोणताही संधिवात, कोणतंही औषध, कोणतीही मात्रा तिच्या आड येत नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धुवायचं राहिलं असेल, तर उशिरा का होईना, धुवायचं.

तिथे गेल्यावर आपल्या गोळ्यांची नावं न विचारता सांगायची, कारण तुमच्यासाठी उपचाराची पद्धत बदलते. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस सहसा कातडीत थोडी थोडी टोचतात. प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना ती स्नायूत, पूर्ण मात्रेनं द्यावी लागते : पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या कुळातल्या क्लोरोक्विननं कातडीत टोचलेल्या रेबीज लसीचा असर उतरतो, हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं. म्हणून इतर लसींच्या वेळी निरुपद्रवी मानलेली ती गोळीही इथे सांगायची. जखम लहान वाटली, पूर्वी कधी लस घेतलेली असली, तरी तुमच्या बाबतीत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. शेवटच्या डोसानंतर प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली का, हे रक्त तपासून बघता येतं.

वरच्या प्रत्येक उत्तरात तारखा मोजल्या. दोन रविवार, आठ रविवार, सलाइनच्या आधी, सहा महिन्यांनंतर. कुत्रं चावल्यावर कॅलेंडर बघायचं नाही. रविवार असला तरी दवाखान्यात जायचं.